भात चालतो की नाही? रब्बी योसेफ कारो आणि ज्यूंचं धर्मशास्त्र

ज्यूंचा पेसाख हा सण साधारण आठवडाभर चालतो. मराठी बायबलमध्ये यालाच वल्हांडण म्हटलं आहे. त्या दिवसांत फुगलेलं, आंबलेलं पीठ खायचं तर नाहीच, घरातही ठेवायचं नाही. गहू, जव अशा पाच धान्यांना हा नियम लागू आहे आणि त्यावर कुणाचं दुमत नाही. पण भाताचं काय? तांदूळ काही त्या पाचांत येत नाही.

यासाठी गेली साडेचारशे वर्षं जो ग्रंथ उघडला जातो त्याचं नाव ‘शुलखान आरुख’. त्याच्या पहिल्या भागात ४५३व्या प्रकरणात उत्तर आहे. ठळक, चौकोनी हिब्रू अक्षरांत लिहिलंय की तांदूळ आणि कडधान्यं आंबली तरी ती निषिद्ध पिठात मोडत नाहीत, ती शिजवून खायला हरकत नाही. त्याच परिच्छेदात पुढे अक्षराचं वळण बदलतं, टाइप बारीक होतो आणि मजकूर सांगतो की काही जण याला मनाई करतात, जर्मनी-पोलंडकडचा रिवाज मनाईचा आहे आणि तो मोडू नये. एवढ्यावर न थांबता तो बारीक टाइप जरा सैलही सोडतो. चुकून एखादा दाणा भांड्यात पडलाच तर अख्खा पदार्थ टाकून द्यायची गरज नाही आणि तांदूळ घरात ठेवला तरी चालतो.

ठळक अक्षरं आहेत रब्बी, म्हणजे ज्यू धर्मपंडित, योसेफ कारो यांची. ते स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंपैकी, म्हणजे सेफार्दी. बारीक टाइप आहे पोलंडमधल्या क्राकोव्हच्या रब्बी मोशे इस्सर्लेस यांचा. ते अश्केनाझी, म्हणजे जर्मनी-पोलंडकडच्या परंपरेचे. कायद्याचं पुस्तक म्हटलं की एक प्रश्न आणि एक उत्तर अशी आपली अपेक्षा असते. इथे पान उघडल्याबरोबर वाद समोर येतो आणि तरीही हा ग्रंथ ज्यूंच्या घरोघरी प्रमाण मानला जातो. हे कसं झालं ते समजायला कारोंचं आयुष्य थोडं पाहायला हवं.

कारोंचा जन्म १४८८चा, बहुधा तोलेदो शहरातला. ते चार वर्षांचे होते तेव्हा, ३१ मार्च १४९२ रोजी, स्पेनच्या राजाराणीने फर्मान काढलं की ज्यूंनी बाप्तिस्मा घ्यावा नाहीतर देश सोडावा. मुदत जुलैअखेरपर्यंतची. कारो घराणं पोर्तुगालला गेलं. तिथे पाच वर्षं निघतात न निघतात तोच, १४९७ मध्ये, राजा मानुएलने ज्यूंना देशातून जाऊही न देता सक्तीने ख्रिस्ती केलं. त्यातून जे सुटले त्यांच्यापैकी अनेकांनी ऑटोमन साम्राज्याची वाट धरली. सुलतानाला व्यापारी, कारागीर, वैद्य, छपाईवाले हवेच होते. योसेफचे वडील एफ्राइम हे त्याचे पहिले गुरू. ते लवकर वारले आणि पुढे काका इझाक कारो यांनी मुलाला वाढवलं. तरुणपणाची बरीच वर्षं त्यांनी एदिर्ने आणि डॅन्यूबकाठच्या निकोपोल या गावांत काढली. एदिर्नेला तेव्हा एड्रियानोपल म्हणत, निकोपोल आजच्या बल्गेरियात येतं.

या स्थलांतराने धर्मशास्त्रात जो गोंधळ माजला त्याची कल्पना आपल्याला सहज येत नाही. आजच्या ग्रीसमधल्या सालोनिका शहराचं उदाहरण घ्या. तिथे कास्तीलच्या ज्यूंचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनागृह, वेगळं, आरागॉनचं वेगळं, काटालुनियाचं, लिस्बनचं, सिसिलीचं, सगळी वेगवेगळी. प्रत्येकाचे रिवाज वेगळे, रब्बी वेगळे, निकाल वेगळे. जुन्या गावात शंभर-दोनशे वर्षं ‘आमच्यात असंच करतात’ एवढं सांगून भागत होतं. आता त्याच गल्लीत समोरच्या घरी दुसरंच काही चाललेलं. त्यात मुलगी या मंडळीतली आणि मुलगा त्या मंडळीतला असेल तर लग्नाचा करार कोणत्या रीतीने लिहायचा? कारोंनी आपल्या मोठ्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत याची खंत लिहून ठेवली आहे. आपण एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतले जात आहोत आणि तोरा, म्हणजे धर्माचा मूळ नियम, एक किंवा दोन नव्हे, अगणित होऊन बसली आहे, असा त्यांचा सूर आहे.

ज्यूंचं धर्मशास्त्र, ज्याला ते हलाखा म्हणतात, मुळात उभं आहे कशावर? सगळ्यात खाली तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं. तिच्यात आज्ञा आहेत, पण तपशील थोडे. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, काम करू नका हे तिथे आहे, काम म्हणजे काय हे जवळजवळ नाही. ते तोंडी परंपरेने ठरत गेलं आणि इ. स. २००च्या सुमारास मिश्ना नावाच्या संग्रहात आलं. मिश्नावर पुढची काही शतकं बाबिलोन आणि पॅलेस्टाइनमधल्या विद्यापीठांत खल झाला, तो तालमूद. बाबिलोनी तालमूद आजच्या छपाईत २,७११ मोठ्या दुपानी पत्रांचा आहे आणि तो कायद्याच्या पुस्तकासारखा वाचता येत नाही. त्यात अमुक रब्बी असं म्हणाले, तमुकांनी हरकत घेतली, मध्येच एक गोष्ट, मग पुन्हा मुद्दा असं चालतं. पुष्कळ वेळा शेवटी निकालच नसतो. ‘मग करायचं काय?’ हा प्रश्न सामान्य माणसाच्याच नव्हे, गावच्या रब्बीच्याही हातात तसाच राहतो.

म्हणून मध्ययुगात निकाल काढून देणारे ग्रंथ तयार झाले. त्यांतले तीन कारोंसाठी महत्त्वाचे. पहिले इझाक अल्फासी, फेज शहरातले आणि उतारवयात स्पेनला गेलेले, मृत्यू ११०३. दुसरे मायमोनिदीस, कोर्दोबात जन्मलेले आणि इजिप्तमध्ये स्थिरावलेले, मृत्यू १२०४. तिसरे आशेर बेन येहिएल, मूळचे जर्मन, पुढे तोलेदोचे रब्बी झालेले, मृत्यू १३२७. या आशेरांचा मुलगा याकोब याने चौदाव्या शतकात ‘तूर’ नावाचा ग्रंथ रचला. सगळा कायदा चार भागांत विभागायची कल्पना त्याची. पहिला भाग रोजची प्रार्थना, शब्बाथ आणि सणवार यांचा. दुसरा खाण्यापिण्याचे नियम, सुतक, नवस, व्याज वगैरेंचा. तिसरा लग्न आणि घटस्फोटाचा. चौथा देणंघेणं, मालमत्ता आणि न्यायालयाचा. मंदिर, बळी, राजा यांच्याविषयीचे जे नियम जेरुसलेमचं मंदिर पडल्यावर अमलात येऊच शकत नव्हते, ते याकोबने सरळ गाळले. मायमोनिदीसने ते सगळे घेतले होते. व्यवहारी माणसाला कोणता ग्रंथ सोयीचा ते उघड आहे.

मराठी वाचकाला ही जातकुळी अनोळखी नाही. श्रुती-स्मृतींच्या जंगलातून वाट काढून ‘तिथी अशी आली तर उपास कधी’ हे सांगणारे निबंधग्रंथ आपल्याकडे होतेच. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातल्या कमलाकरभट्टांनी काशीत निर्णयसिंधू १६१२ मध्ये लिहिला, म्हणजे कारोंचा ग्रंथ छापला गेला त्यानंतर अर्ध्या शतकाच्या आत. पुढे पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी धर्मसिंधू आणखी आटोपशीर केला. कारोंनीही आधी सिंधू लिहिला आणि मग त्याची ओंजळ केली.

तो मोठा ग्रंथ म्हणजे ‘बेत योसेफ’. १५२२ मध्ये एदिर्नेत सुरुवात, १५४२ मध्ये गालीलमधल्या (आजच्या उत्तर इस्रायलमधल्या) साफेद गावी समाप्ती. वीस वर्षं. त्यानंतर आणखी बारा वर्षं दुरुस्त्या. स्वतंत्र ग्रंथ न लिहिता कारोंनी तूरवर भाष्य लिहिलं. आधी त्यांच्या मनात मायमोनिदीसच्या ग्रंथावर लिहायचं होतं. पण मायमोनिदीस एकच मत देतो, बाकीची सांगत नाही. तूरमध्ये निदान वेगवेगळी मतं नावानिशी येतात, म्हणून त्यांनी तूर निवडला. हे कारण त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. प्रत्येक नियम घ्यायचा, तो तालमूदमध्ये कुठून आला ते शोधायचं, मग कोणी काय अर्थ लावला त्याची रांग लावायची आणि शेवटी निकाल द्यायचा, अशी कामाची पद्धत. चारही भागांतल्या प्रत्येक नियमासाठी.

आता निकाल द्यायचा कसा? इथे कारोंची खरी चतुराई आहे. ते म्हणतात, इतक्या थोर माणसांच्या वादात पुराव्याने निवाडा करणारा मी कोण? त्याऐवजी अल्फासी, मायमोनिदीस आणि आशेर हे तीन खांब धरू. तिघांपैकी दोघे एका बाजूला असतील तर निकाल तिकडे. तिघांपैकी एकाचं मत मिळालंच नाही आणि उरलेले दोघे परस्परविरुद्ध असतील, तर पुढच्या फळीतल्या काही नावांकडे पाहू. म्हणजे एक तऱ्हेचं मतदान, आणि मतदार कधीच वारलेले! दिसायला ही पद्धत अगदी नम्र आहे. पण मतदारयादी कोणी बनवली हे पाहिलं की तिच्यातला कल लक्षात येतो. तिघांपैकी दोघे उत्तर आफ्रिका-स्पेनच्या परंपरेतले आणि तिसरा जन्माने जर्मन असला तरी तोलेदोत बसलेला. फ्रान्स-जर्मनीच्या पंडितांचं मत बऱ्याचदा अल्पमतात जाणार हे आधीच ठरल्यासारखं होतं.

एक मात्र खरं. जिथे लोक आधीपासून एखादी गोष्ट वर्ज्य मानत आले आहेत तिथे त्यांनी ती तशीच पाळावी, असं कारोंनीच प्रस्तावनेत म्हटलं आहे. स्थानिक रिवाजाला त्यांनी पूर्ण बाहेर काढलं नव्हतं.

‘बेत योसेफ’चे चार भाग १५५०च्या दशकात छापून निघाले. हा काळ इटलीतल्या ज्यू पुस्तकांसाठी फार वाईट. सप्टेंबर १५५३ मध्ये पोपच्या राज्यात, रोमच्या काम्पो दे फिओरी चौकात, तालमूदच्या प्रती जाळल्या गेल्या. ऑक्टोबरात व्हेनिसच्या सान मार्को चौकात तेच झालं. ज्या व्हेनिसमध्ये तीस वर्षांपूर्वी दानिएल बॉम्बर्गने पहिला संपूर्ण तालमूद छापला होता त्याच शहरात! तिथे हिब्रू छपाई पुन्हा सुरू झाली तेव्हा तालमूद छापायला बंदी होती, निकालांची पुस्तकं मात्र चालत होती. मूळ ग्रंथ हाताशी नसलेल्या वाचकाला सार सांगणारं पुस्तक किती मोलाचं वाटलं असेल, ते सांगायला नको.

असं सारपुस्तक व्हेनिसमध्येच १५६५ मध्ये बाहेर आलं. तेच ‘शुलखान आरुख’, म्हणजे ‘मांडून ठेवलेलं टेबल’. ‘बेत योसेफ’मधल्या सगळ्या चर्चा काढून टाकून फक्त निकाल ठेवलेले, छोट्या छोट्या कलमांत. विद्वानाला विचारल्यावर पटकन उत्तर देता यावं हा एक हेतू. ग्रंथाचे तीस भाग करून रोज एक वाचावा, म्हणजे महिन्याला पूर्ण उजळणी होईल, अशी योजनाही प्रस्तावनेत आहे. आणि लहान विद्यार्थ्यांनी कोवळ्या वयातच हे पाठ करावं, म्हणजे मोठेपणी विसरणार नाहीत, असंही. थोडक्यात ही उजळणीची वही होती. तीसहून जास्त वर्षं राबून जो ग्रंथ त्यांनी आयुष्याचं काम म्हणून लिहिला तो ‘बेत योसेफ’ आणि जगाने डोक्यावर घेतली ती ही वही.

पहिलंच कलम पाहा. सकाळी सिंहासारखं उठावं, आपल्या निर्मात्याच्या सेवेसाठी, इतक्या लवकर की पहाटेनेच आपल्यामुळे जागं व्हावं. साफेदच्या तपस्व्याला शोभेल असं वाक्य. त्याला जोडून इस्सर्लेसांची पहिली टीप येते. तिचा आशय असा की निदान मंडळी जमून प्रार्थना करतात ती वेळ तरी चुकवू नये. क्राकोव्हच्या थंडीत राहणाऱ्या माणसाची ही टीप मला फार आवडते.

ग्रंथ आला तसा विरोधही आला. खुद्द साफेदच्याच योम तोव त्साहालोन या पंडिताने पुढे म्हटलं की हे पोरांसाठी आणि अडाण्यांसाठी लिहिलेलं पुस्तक आहे. पोलंडमधले शलोमो लुरिया म्हणाले की निकाल तालमूदमधूनच काढायचा, तीन मतं मोजून नव्हे. प्रागचे महाराल यांना धास्ती वेगळीच होती. कारण न समजता नुसत्या पुस्तकावरून निकाल देणारा माणूस आंधळ्यासारखा चालतो, त्यापेक्षा तालमूद अभ्यासून चुकलेला परवडला, असं त्यांचं म्हणणं. हा विरोध म्हाताऱ्यांची कुरकुर म्हणून सोडून देण्यासारखा नाही. मला विचाराल तर त्यात तथ्य आहे. कारणं काढून टाकली की नियम सोपा होतो, पण नवी परिस्थिती आली की तोच नियम ताणायचा कसा हे कळेनासं होतं.

मोशे इस्सर्लेसांची अडचण याहून व्यावहारिक होती. ते स्वतः तूरवर असाच ग्रंथ लिहीत होते. ‘बेत योसेफ’ क्राकोव्हला पोचला तेव्हा आपलं काम कुणीतरी आधीच करून टाकलंय हे पाहून ते हादरले. त्यांनी स्वतःचं लिखाण आखूड केलं आणि मग ‘शुलखान आरुख’वर टिपा लिहायला घेतल्या. जिथे पोलंड-जर्मनीचा रिवाज वेगळा आहे तिथे तो नोंदवायचा, एवढंच ठरवून. कारोंनी टेबल मांडलं आणि इस्सर्लेसांनी आपल्या टिपांना नाव दिलं ‘माप्पा’, म्हणजे त्यावरचं कापड. १५७०च्या सुमारास क्राकोव्हमध्ये दोन्ही मजकूर एकत्र छापले गेले आणि पुढे ते एकत्रच छापायची रीत पडली. इस्सर्लेस १५७२ मध्ये वारले, कारोंच्याही आधी.

या टिपांनी ग्रंथाला विरोध केला की त्याला तारलं? माझ्या मते त्यांनी तो तारला. नुसता कारोंचा मजकूर असता तर पोलंडमध्ये तो ‘तिकडच्यांचं पुस्तक’ म्हणून कपाटात गेला असता. टिपा जोडल्यावर वॉर्साचा आणि बगदादचा रब्बी एकच पान उघडू लागले. एक ठळक अक्षरं पाळणार, दुसरा बारीक, पण कलमाचा आकडा दोघांचा एकच.

कधीकधी दोघांतला सामना चांगलाच रंगतो. योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या आदल्या दिवशी डोक्यावरून कोंबडा ओवाळायचा आणि मग तो कापायचा, अशी एक चाल होती. आपलं पाप त्याच्यावर जावं ही कल्पना. कारो ६०५व्या प्रकरणात म्हणतात की ही चाल बंद पाडावी. पहिल्या आवृत्तीत प्रकरणाच्या मथळ्यातच तिला ‘मूर्खपणाची चाल’ म्हटलं होतं. खाली इस्सर्लेस शांतपणे लिहितात की जुन्या आचार्यांपैकी काहींनी ही चाल नोंदवली आहे, आमच्याकडे सगळीकडे चालते आणि ती बदलू नये. पुरुषासाठी कोंबडा, बाईसाठी कोंबडी आणि गरोदर बाईसाठी दोन्ही, हा तपशीलही त्यांनीच पुरवलाय, कारण पोटात मुलगा की मुलगी कोण सांगणार! पुढच्या छापकांनी मथळ्यातला ‘मूर्खपणा’ हळूच काढून टाकला.

इथवर वाचून कारो म्हणजे कलमं लावणारा कोरडा माणूस असं वाटलं असेल, तर त्यांच्या रोजनिशीकडे वळायला हवं. कारोंना एक आवाज ऐकू येत असे. ऐकू म्हणजे असा, की तो त्यांच्याच तोंडून बोलत असे. रात्री उशिरा किंवा पहाटे मिश्ना पाठ म्हणत बसले की जिभेचा ताबा दुसऱ्या कुणाकडे जाई आणि तो आवाज म्हणे, तुझ्या तोंडून बोलणारी ती मीच मिश्ना. अशा आवाजाला मग्गीद म्हणतात. पन्नासेक वर्षं चाललेल्या या भेटींच्या नोंदी कारोंनी ठेवल्या. त्यांच्या मृत्यूनंतर १६४६ मध्ये लुब्लिनला त्यांतल्या काही ‘मग्गीद मेशारिम’ या नावाने छापल्या गेल्या. एवढा काटेकोर कायदेपंडित असं काही लिहील यावर काही अभ्यासकांचा विश्वासच बसला नाही आणि वही त्यांची नसावी अशी शंका निघाली. पण कवी शलोमो अल्काबेत्स यांचं एक पत्र आहे आणि ते प्रत्यक्ष साक्षीदाराचं आहे. हेच अल्काबेत्स पुढे शब्बाथच्या स्वागताला म्हटलं जाणारं ‘लेखा दोदी’ हे गीत लिहिणारे.

तेव्हा मंडळी अजून तुर्कस्तानाकडेच होती. शावुओत सणाच्या रात्री काही मित्र जागून पाठ करत बसले होते. मध्यरात्री कारोंच्या तोंडून आवाज सुरू झाला. सगळे तोंडावर पालथे पडले आणि रडू लागले. माझा मुकुट पडला आहे, मी धुळीत लोळते आहे, तुम्ही आज मला आधार दिलात, असं तो आवाज म्हणत होता. तुम्ही दहा जण असता तर आणखी बरं झालं असतं, असंही म्हणाला. ज्यूंची सामूहिक प्रार्थना दहा पुरुषांनी पूर्ण होते आणि त्या रात्री तेवढे नव्हते. दुसऱ्या रात्री त्यांनी दहा जमवले. आणि आवाजाने सांगितलं की पवित्र भूमीकडे निघा. १५३६ मध्ये कारो साफेदला पोचले.

मग्गीद हा मोठा कडक पाहुणा होता. मांस कमी खा, वारुणी कमी घे, झोप कमी कर, पाणीसुद्धा फार पितोस, असं तो कारोंना बजावत राही. अभ्यासात खंड पडला की रागावे. गोंजारतही असे. तुझे ग्रंथ साऱ्या इस्राएलात पसरतील असं त्याने सांगितलं आणि ते अगदी खरं ठरलं. दुसरं वचन मात्र फसलं. १५३२ मध्ये शलोमो मोल्खो या तरुणाला मांतुआत जिवंत जाळण्यात आलं. पोर्तुगालचा नवख्रिस्ती असलेला हा माणूस उघडपणे ज्यू झाला होता आणि कारोंना त्याचा फार आदर. तसंच हौतात्म्य तुलाही मिळेल, असं मग्गीद त्यांना वारंवार सांगे आणि कारो त्याची आस लावून बसले होते. ते १५७५ मध्ये साफेदला, सत्त्याऐंशीव्या वर्षी, म्हातारपणाने गेले. नवलाची गोष्ट अशी की निकालाच्या ग्रंथात या आवाजाचा मागमूस जवळजवळ नाही. दिवसा निकाल देताना मतं मोजायची ती तिघांचीच.

साफेदमध्ये १५३८ साली एक मोठा वाद झाला. त्यात कारो मध्यवर्ती नव्हते, पण हाकलपट्टीने माणसांच्या मनांवर काय ओरखडे उठले होते ते त्यातून दिसतं. गुरूने शिष्याला अधिकार देण्याची मोशेपासूनची साखळी हजारेक वर्षांपूर्वी तुटली होती. याकोब बेराव या पंडिताने ती पुन्हा सुरू करायचं ठरवलं आणि साफेदच्या पंचवीस रब्बींनी त्यांना अधिकार दिला. कारण भावनिक होतं, तसंच कायद्याचंही. सक्तीने ख्रिस्ती झालेले आणि आता परत आलेले शेकडो लोक पापाच्या ओझ्याने खचले होते. अधिकृत न्यायालयाने फटक्यांची शिक्षा दिली तर दैवी शिक्षा टळते असा जुना नियम आणि तसं न्यायालय बनवायला ही साखळी हवी. जेरुसलेमच्या लेवी इब्न हबीब यांनी कडाडून विरोध केला. वाद इतका चिघळला की बेरावांनी त्यांना त्यांच्या तरुणपणीच्या सक्तीच्या बाप्तिस्म्यावरून टोमणा मारला. आपल्यावर जबरदस्ती झाली तेव्हा आपण जेमतेम मोठे झालो होतो आणि मनातून देवाला कधी सोडलं नाही, असं इब्न हबीबांनी उत्तर दिलं. बेरावांनी ज्या मोजक्या शिष्यांना अधिकार दिला त्यांत कारो होते. पुढे काही दशकांत ही साखळी विरून गेली.

बेरावांनंतर साफेदमधलं सगळ्यात वजनदार नाव कारोंचं. ते तिथल्या न्यायसभेचे प्रमुख होते, दूरदूरहून प्रश्न येत. मायमोनिदीसवर लिहायची जुनी इच्छाही त्यांनी शेवटी ‘केसेफ मिश्ने’ या भाष्यात पुरी केली. ते व्हेनिसमध्ये छापलं जात होतं तेव्हा त्यांचं वय पंच्याऐंशीच्या पुढे होतं. १५७०च्या सुमाराला इझाक लुरिया हा गूढवादी साफेदला आला. दोनच वर्षांत त्याचा मृत्यू झाला, पण तेवढ्यात त्याने गावाला वेड लावलं. आज साफेदला जाणारे पुष्कळ पर्यटक त्या लुरियासाठी जातात.

‘शुलखान आरुख’चं पुढे एक गमतीदार झालं. वाद काढून टाकण्यासाठी लिहिलेल्या या पुस्तकाभोवती सतराव्या शतकापासून भाष्यांची दाटी झाली. आज कुठलीही मोठी आवृत्ती उघडा, पानाच्या मधोमध कारोंचे चार-सहा ओळींचे मजकूर असतात आणि चारही बाजूंनी बारीक टाइपातली भाष्यं एकमेकांशी भांडत असतात. महारालांची भीती त्यामुळे बरीचशी खोटी ठरली. नुसत्या मधल्या ओळी वाचून निकाल देणारा रब्बी आता कुणी गंभीरपणे घेत नाही.

या ग्रंथाचा एक धागा कोकणात येऊन पोचतो. अलिबाग, पेण, रेवदंडा भागातले बेने इस्राएल, ज्यांना शेजारी ‘शनवार तेली’ म्हणत कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवत, त्यांच्याकडे शेकडो वर्षं तालमूदही नव्हता आणि कारोही नव्हते. शब्बाथ, सुंता, खवल्याचेच मासे खाणं आणि काही सण एवढं त्यांनी जपलं होतं. पेसाखच्या सुमाराला त्यांच्याकडे ‘अनाशी ढाकाचा सण’ असे. एरवी वापरात असलेलं आंबवणीचं भांडं त्या दिवसांत झाकून ठेवायचे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कोचीनच्या ज्यू शिक्षकांनी त्यांना हिब्रू प्रार्थना आणि रब्बींचे नियम शिकवले, तेही सेफार्दी वळणाचे. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ चं.

१९४८ नंतर हजारो बेने इस्राएल इस्रायलला गेले आणि तिथे ग्रंथाच्या तिसऱ्या भागाने, लग्नाच्या कायद्याने, त्यांना गाठलं. नियम असा आहे की नवऱ्याकडून रीतसर घटस्फोटपत्र न घेता बाईने दुसरं लग्न केलं तर त्या संबंधातलं मूल ‘मामझेर’ ठरतं. मामझेराने इतर ज्यूंशी लग्न करायचं नाही आणि ही अट त्याच्या वंशजांनाही लागते. चौथ्या प्रकरणाच्या शेवटी इस्सर्लेसांची एक टीप कराईट पंथाच्या, म्हणजे रब्बींची तोंडी परंपरा न मानणाऱ्या, ज्यूंविषयी आहे. त्यांचे घटस्फोट आपल्या नियमाने होत नाहीत, म्हणून सगळेच संशयित, त्यांच्याशी सोयरीक नको. काही रब्बींनी याच धर्तीची शंका बेने इस्राएलांबद्दल काढली. इतकी शतकं एकटे राहिले, रब्बींचे नियम माहीत नव्हते, मग पूर्वजांत असं काही घडलं नसेल कशावरून?

१९६१ मध्ये मुख्य रब्बी मंडळाने त्यांच्याशी लग्न चालेल असा निर्णय दिला. सेफार्दी मुख्य रब्बी इझाक निसिम यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला होता. बेने इस्राएलांमध्ये पूर्वी घटस्फोट जवळपास नव्हतेच, तेव्हा सदोष घटस्फोटाचा प्रश्न कुठून येणार, हा त्यांच्या बाजूचा एक महत्त्वाचा मुद्दा. पण १९६२ च्या सूचनापत्रकात लग्नाआधी आईकडच्या पिढ्यांची जमेल तितक्या मागे जाऊन चौकशी करावी असं आलं आणि त्यात बेने इस्राएलांचं नाव घेतलं होतं. लोक खवळले. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये निदर्शनं झाली, ऑगस्टमध्ये संसदेचं खास अधिवेशन बोलावलं गेलं आणि बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव झाला. त्यानंतर रब्बी मंडळाने पत्रकातून समाजाचं नाव काढलं आणि ज्याच्या वंशाबद्दल शंका असेल अशा कुणाचीही चौकशी करावी अशी भाषा घातली.